माझ्या एम.ए.चं गणित

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आम्ही कल्याणला राहत होतो. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अर्थशास्त्रात मला दुसरा वर्ग मिळाला, आणि त्या काळी तो काही थोडा नव्हे. कॉलेजातल्या आमच्या प्राध्यापकांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "एम.ए. करा. नवी कॉलेजं निघताहेत, शिकवायला माणसं लागणार आहेत." मी घरी येऊन ते शब्द जसेच्या तसे सांगितले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी तुझ्या मामांना बोलावू या."

मामा ठाण्याला असत. व्यवहारी माणूस अशी त्यांची ख्याती होती. आमच्या नात्यातली बरीच लग्नं त्यांनीच जमवलेली. रविवारी जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि बोलणं सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते.

"दोन वर्षांची फी, पुस्तकं, गाडीचा पास," मामा म्हणाले, "ते सोडून द्या. ती आज नोकरीला लागली तर घरात पगार येईल, तो बुडणार. आणि खरा खर्च पुढेच आहे. बी.ए. मुलीला बी.ए. मुलगा चालतो. एम.ए. मुलीला कोण आणायचा? डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. त्यांचे आईबाप काय मागतात, ठाऊक आहे ना?"

मी म्हणाले, "पण मामा, कॉलेजात पगार जास्त असतो."

"असतो की. पण तो जाणार तुझ्या सासरी."

त्यांचं मन दुष्ट नव्हतं. त्यांच्या बोलण्यात खोटही काढता येत नव्हती. मी अर्थशास्त्रच शिकले होते, त्यामुळे त्यांचं उत्तर बरोबर येतंय हे मला कळत होतं. आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "एवढी हौस आहे तिला, तर करू दे." ती माझ्या बाजूनेच बोलली. पण हौस म्हटल्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. अण्णा म्हणाले, "हौशीला पुढे आयुष्य पडलंय."

मी डोंबिवलीच्या एका शाळेत लागले. पगार झाला की अण्णांच्या हातात नेऊन द्यायची. सुरुवातीला दोन-चार स्थळं आली. एका मुलाच्या आईला नोकरीवाली सून नको होती, दुसरीकडे हुंड्यावरून बोलणं मोडलं. मग अण्णांचं पत्रिका घेऊन हिंडणं कमी झालं. माझं लग्न करायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं. माझा पगार घराच्या अंगवळणी पडला होता, एवढंच.

धाकटा भाऊ बी.एस्सी. झाला, तेव्हा एका दुपारी जेवताना म्हणाला, "अण्णा, मला एम.एस्सी. करायचंय."

"कर," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "मामांना बोलवायचं ना?"

"ते कशाला?"

"खर्चाचं बघायला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "अगं, मुलाच्या शिक्षणाचा कोणी हिशेब मांडतं का?"

भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. तो माझ्या पगारावर एम.एस्सी. झाला आणि शहाडजवळच्या एका कारखान्यात लागला. मुलगा कृतघ्न नव्हता. पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, आता तू एम.ए. कर. फी मी भरतो."

इतक्या वर्षांनी मला कोणी ते विचारत होतं. मी सुट्टी काढून मुंबईला गेले आणि जुन्या प्राध्यापकांना भेटले. त्यांनी ओळखलं, चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं कशाला सांगू? तेव्हा केलं असतंत तर मीच तुम्हाला कुठेतरी लावलं असतं. आता एका जागेसाठी पाच-सहा एम.ए. येतात, सगळे तुमच्याहून तरुण. शाळेतही त्याने फारसा फरक पडणार नाही."

घरी येऊन भावाला सांगितलं, "नको. आता त्याचा उपयोग नाही."

"बघ हं, मी खरंच भरीन," तो म्हणाला. पण त्याला हायसं वाटलेलं मला दिसलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्याच वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगा एम.एस्सी. म्हणून मुलीकडच्यांनी खळखळ न करता भरपूर हुंडा कबूल केला, आणि अण्णांनी तो घेतला. याद्या झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हा अण्णा समाधानाने मला म्हणाले, "बघ, शिक्षण कधी वाया जात नाही."

मला टोचावं म्हणून ते तसं बोलले नाहीत. त्यांना अगदी मनापासून तसं वाटत होतं.