पिठाने आखलेली गाडी

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पापनाशमला धाकट्या आत्याला भेटायला जायचं ठरलं, तेव्हा वडिलांनी पंचांग काढलं नाही, तांदळाच्या पिठाचा डबा काढला. ते तंजावरच्या शाळेत गणित शिकवत, त्यामुळे घरातला प्रत्येक प्रश्न मापात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

प्रश्न थोरल्या आत्याचा होता. ती आमच्याकडेच राहायची. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात सोवळं कडक. परक्याच्या हातचं खायची नाही, वाटेवरच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरायची नाही. म्हणजे वाटेत रांधता, निजता येईल असं वाहन हवं. दोघी बहिणींनी कित्येक वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि थोरली थकत चालली होती.

ओळखीच्या एका गिरणीवाल्याने व्हॅन देऊ केली. वडील तिचं माप घेऊन आले, अंगणात तेवढी चौकट पिठाने आखली आणि म्हणाले, "अस्की बसा!" अस्की म्हणजे सगळे; आम्ही सगळे आत बसलो. शेगडी, घागर, वळकट्या, सगळं मावलं.

"नमनालाच घडाभर तेल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन दारात आली आणि तिची पायरी आत्याच्या मांडीपर्यंत आली. पिठाच्या रेघांना लांबीरुंदी असते, उंची कुठून असणार? आई तोंडाला पदर लावून हसली. आत्या खांबाला धरून म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. तिला सांगा, मी बरी आहे म्हणून."

व्हॅन परत गेली. मग ठरली कमानीच्या छपराची बैलगाडी, आमच्या बोलण्यातली वंडी. बैल जुंपण्याआधी जू वर उचललं की तिची मागची बाजू जमिनीला टेकते. आत्याने नुसतं बसायचं आणि सरकायचं. पुन्हा पीठ, पुन्हा चौकट. ही मात्र अगदीच लहान. त्यात आत्याने आपल्याशेजारी एक पाट मांडला. "इथे कोणी बसायचं नाही."

"सोवळ्याला एवढी जागा?" आई पुटपुटली. त्या पाटापायी तिलाच घरी राहावं लागलं, आणि तिचा राग मला पटत होता.

वडील गाडीवानाशेजारी, मी वळकट्यांच्या सांदीत. वाटेत मी एकदा पाय पाटावर टाकला, तर आत्याने चापट मारली.

पापनाशमला धाकटीच्या दारात बैल सोडले, गाडी मागे टेकवली. धाकटी धावत ओट्यावरून खाली आली. "अक्का, उतर की गं!"

थोरली हलली नाही. तिने पाटावर हात फिरवला. "मी उतरायला नाही आले. बैलांची वैरण होईतो लुगडी बांधून घे. तुला माहेरी न्यायला आलेय."

न्यायला कोणी आल्याशिवाय लेकीने माहेरी पाऊल टाकायचं नाही, ही आमच्यातली रीत. आईबाप गेल्यावर ते काम भावाचं. वडिलांना ते एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

धाकटी ओठ दाबून आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. गाडीवान जू धरायला पुढे झाला, तर वडिलांनी त्याला बाजूला केलं. मान खाली घालून त्यांनी जू स्वतःच वर धरलं, बहीण पाटावर नीट बसेपर्यंत.