मीनाची गाय

मिरजेच्या घरातून निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "सगळं कळवत जा. चांगलं तेवढंच नको." नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१२ साली नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आलो, आणि मी नेमकं चांगलं तेवढंच कळवत राहिले. घर छान, सायकल छान, हवा छान. रविवारचा स्काइप कॉल "जेवलीस का?"वर येऊन अडायचा.

शेजारच्या हान्ना आजी मला डच शिकवायच्या. परीक्षेची पुस्तकं त्यांना भयंकर कंटाळवाणी वाटत. एक दिवस त्यांनी स्वतःच्या पणजीला आलेली जुनी डच पत्रंच पुढ्यात ठेवली. पणजीची बहीण मीना (हे डच नावही आहे) दीडशे वर्षांपूर्वी जहाजाने अमेरिकेला गेलेली. आजी वाचायच्या आणि अवघड शब्द सोपे करून सांगायच्या.

काय बाई होती! पत्र पोचायला कित्येक आठवडे लागणार हे ठाऊक असून ही लिहितेय, नवी चूल धुरकटते, धाकट्याला थोरल्याचा कोट घातलाय, गाय आटली. "काल खूप रडले. मग कणीक मळली." छाप पाडायचा सोसच नाही. बहिणीने आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावं, एवढीच इच्छा. मला तिचा हेवा वाटला.

रविवारी मी आईला गाईचं सांगितलं. तिने गॅस बंद करून बाबांना हाक मारली, "अहो, इकडे या, मीनाची गाय आटलीय!" पुढच्या कॉलला पहिला प्रश्न, "व्याली का गं?" चुलीच्या धुरावर बाबांनी उपायही सुचवला, दीडशे वर्षं उशिरा.

मग एका रविवारी पत्रं संपली.

"आता काही उरलं नाही, आई."

"मग तुझं सांग."

सांगितलं. परीक्षेत नापास झाले, नोकरी कुणी देत नाही, हिवाळ्यात दुपारीच अंधारून आलं की कुणाशी तरी मराठीत कडकडून भांडावंसं वाटतं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या खोलीत आम्ही गव्हाची पिंपं ठेवलीत. कधीचीच. सांगायचा धीर होत नव्हता."

मी रडता रडता हसत सुटले. त्यानंतर तासभर आम्ही गव्हाला लागणाऱ्या किडीवर बोललो.

मागे राहिलेल्यांनो, निघून आलेल्यांनो, आता मला नोकरी आहे, डचही येतं. मिरजेच्या त्या खोलीत झोपायला जागा नाही. तरी ते घर इतकं माझं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. गव्हात कडुलिंबाचा पाला घातलास का, हे रविवारी मीच आधी विचारते.