बोगोटातला एसीवाला

नेरिओने माराकाइबो सोडलं तेव्हा बरोबर घेतलं ते एवढंच: बायको, दोन बॅगा आणि चादरीत गुंडाळलेली एक पत्र्याची पाटी. सरहद्दीवरच्या शिपायाने चादर सोडायला लावली. पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘नेरिओ, थंडीचा राजा. एसी बसवून व दुरुस्त करून मिळतील.’

"कुठे निघालात?" शिपायाने विचारलं.

"बोगोटाला."

शिपाई इतका हसला, इतका हसला, की शिक्का मारायचाच विसरला. नेरिओला अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं.

हसण्यासारखंच होतं म्हणा. बोगोटा पडलं डोंगरमाथ्यावर. बारा महिने स्वेटर, दुपारी हटकून पाऊस, आणि घरात ऊब म्हणाल तर फक्त चुलीपाशी. इथे एसीवाल्याला कोण विचारतंय! पण नेरिओने आल्या आल्या भाड्याच्या घराच्या दारावर चार खिळे ठोकले आणि पाटी लावली. माराकाइबोचा माणूस तो. आम्ही माराकाइबोवाले स्वतःबद्दल कमी सांगायला शिकलोच नाही, आणि शिकायचं कशासाठी?

तिकडे त्याचा काय मान होता! आमच्याकडे उन्हाळा येत नाही, कारण तो कधी जातच नाही. भर दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. एसी बंद पडला की अख्खं घर नेरिओच्या दारात. तेवीस वर्षं शिडी खांद्यावर टाकून तो गावभर फिरला. बिशपच्या घरचा एसी गेला तेव्हा खुद्द बिशपने शिडी धरली होती, आणि नेरिओ वरून त्याला म्हणाला होता, "नीट धर रे, हलवू नकोस!" आम्ही सगळ्यांनाच अरे-तुरे करतो. बोगोटावाले मात्र घरच्या मांजरालाही अहो-जाहो करतात.

इथे पहिलं वर्ष नेरिओने मंडईत बटाट्याची पोती उचलली. मग कुणाचा फ्रिज, कुणा खाटकाचं गार कपाट असं करत पोटापाण्याचं जमलं. पण सात वर्षांत एका माणसाने, एकाही माणसाने, एसीचं काम सांगितलं नाही.

"काढ ती पाटी एकदाची," बायको योलेइदा म्हणायची. "‘फ्रिज दुरुस्ती’ लिही."

"फ्रिज काय, कुणीही दुरुस्त करतो."

"पण येतात ते फ्रिजच ना तुझ्याकडे?"

"येऊ देत. राजा तो राजाच."

योलेइदा कपाळाला हात लावून कामावर निघून जायची. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण ओतिलियाबाई रोज सकाळी अंगणात झाडांना पाणी घालता घालता गोड आवाजात विचारायच्या, "काय हो नेरिओ, आलं का आज एसीचं गिऱ्हाईक?" बाईंचं मन वाईट नव्हतं. पण एवढ्या अदबीने मारलेला टोमणा जास्त लागतो.

मग नेरिओची आई आली. इल्दा, वय एकोणऐंशी. धाकटा मुलगा चिलीला गेल्यावर ती तिकडच्या घरात एकटीच उरली होती, आणि लाइट अर्धा अर्धा दिवस नसायची. नेरिओ स्वतः जाऊन तिला घेऊन आला. पहिल्या दिवशी ती बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या झग्यात खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "वा! काय छान गार आहे रे!" दुसऱ्या दिवशी मोजे मागितले. तिसऱ्या दिवशी शाल. आठव्या दिवशी पांघरुणात शिरून भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

ही बाई माराकाइबोत दारात उभी राहून बोलली तर तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं. मासेवाल्याशी तिची घासाघीस ऐकायला लोक थांबायचे. आता ती नुसतं ‘हं’ म्हणायची. नेरिओला तिच्या खोकल्याची नाही, त्या ‘हं’ची भीती वाटायला लागली.

गुरुवारी ती बोलली. "रविवारी दोनची गाडी आहे म्हणतात. मला परत सोड."

"तिथे कोण आहे आई आता? लाइट नाही, पाणी नाही."

"ऊन आहे."

"आई, अगं..."

"इथे मी मरेन नेरिओ, आणि गारठून मरेन. मला घाम गाळत मरायचंय, आपल्या माणसासारखं." आणि तिने योलेइदाकडून बॅग भरून घेतली आणि पलंगाशेजारी ठेवायला लावली.

नेरिओने हीटर आणून पाहिले होते. एकाने काही होईना म्हणून दोन लावले, तर जुन्या वायरिंगचा फ्यूज उडाला आणि सगळं घर अंधारात गेलं. ओतिलियाबाईंनी हात जोडून बजावलं, "हीटर नको हो, कृपा करा." त्याच दिवशी त्या सुपाचं भांडं घेऊन वर आल्या. योलेइदाने कधीतरी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, म्हणून म्हणाल्या, "इल्दाबाई, तुम्ही तिकडे सोळावर एसी लावून, वर रजई घेऊन झोपायचात म्हणे. मग इथे तेच तर आहे की, फुकटात!"

इल्दाने मान वळवली नाही. "ती थंडी माझ्या मुलाने केलेली होती. बटण माझ्या उशाशी होतं. तुमच्या थंडीला बटण कुठंय?"

ओतिलियाबाई सूप वाढायला लागल्या. जिन्यात उभ्या असलेल्या नेरिओच्या डोक्यात मात्र ते बटण जाऊन बसलं.

शुक्रवारी तो एका छापखान्यात पाणी गार करायचं यंत्र दुरुस्त करायला गेला. मागच्या अंगणात एक जुना विंडो एसी पडला होता, कधीकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत असलेला. "न्या हो, जागा अडवतोय नुसता," मालक म्हणाला. नेरिओने तो खांद्यावर घेतला आणि भर बाजारातून घरी आणला. लोक वळून वळून बघत होते. बघू देत!

शनिवारी सकाळी त्याने आईच्या खोलीच्या खिडकीची एक काच काढली आणि एसी खिडकीत बसवला. पण तोंड बाहेर, आणि मागचा भाग खोलीत.

"अहो नेरिओ!" अंगणातून ओतिलियाबाई ओरडल्या. "उलटा बसलाय हो!"

"सुलटाच आहे, बाई."

"म्हणजे आता तुम्ही बोगोटा गार करणार?"

समोरच्या खिडक्यांतून हशा पिकला. योलेइदा लाजेने आत आली. "अरे काय चाललंय तुझं?"

"फ्रिजच्या मागे हात लावून बघ. गरम लागतं की नाही?"

"लागतं."

"अगं, एसी थंडी करत नाही. उष्णता उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो. तिकडे घरातली उचलून रस्त्यावर टाकायचो. इथे बाहेरची उचलून घरात टाकीन."

"बाहेर कुठे आहे उष्णता?"

"आहे. थोडी थोडी आहे. या लोकांना सापडत नाही, एवढंच."

त्याने बटण दाबलं. पंखा फिरला. कॉम्प्रेसर काही लागेना. खोलीत आणखीच गार झुळूक आली आणि इल्दाने पांघरूण डोक्यावर ओढलं. समोरून कुणीतरी ओरडलं, "मशीनसुद्धा म्हणतंय, पुरे झाली की थंडी!"

नेरिओचे कान लाल झाले. पण तो माणूस खरं तेच बोलला होता. गारवा मोजून कॉम्प्रेसर बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटचं नाक आता बाहेर होतं. बोगोटाची हवा हुंगून तो म्हणत होता, झालंय गार, आता मी कशाला राबू? तेवीस वर्षांत नेरिओला कुणी थर्मोस्टॅट फसवायला सांगितलं नव्हतं. त्याने झाकण उघडलं, थर्मोस्टॅट बाजूला काढला, वायर सरळ जोडली, आणि एक लांब वायर भिंतीवरून ओढत पलंगापर्यंत आणून तिथे साधं बटण बसवलं. एसीला बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला, पाणी आत येऊ नये म्हणून. मग बटण दाबलं.

आधी पंखा, आणि मग तो आवाज. ‘धडड्’ करून कॉम्प्रेसरने पकड घेतली. सात वर्षांनी ऐकला त्याने तो आवाज. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

अर्ध्या तासाने ओतिलियाबाई भांडायला वर आल्या. "नेरिओ, अहो माझ्या झाडांवर बर्फासारखं वारं..." म्हणत त्या दारात शिरल्या आणि थांबल्या. गळ्यातला मफलर सोडला. खुर्ची ओढून बसल्या. "आणि फ्यूज?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही उडणार. दोन हीटरच्या निम्मीसुद्धा वीज खात नाही."

बाई जेवायलासुद्धा खाली गेल्या नाहीत.

पांघरुणातून आधी एक मोजा बाहेर पडला. मग दुसरा. संध्याकाळी इल्दा उठून बसली आणि म्हणाली, "योलेइदा, ती हिरवी केळी पिकवायला ठेवलीयस की काय? बावळट कुठली! उद्या मी तळते." हे शेजारच्या घरात ऐकू गेलं.

तरी रविवारी सकाळी बॅग पलंगाशेजारीच होती, आणि नेरिओची विचारायची छाती झाली नाही. अकराला इल्दाने खोलीतच शेगडी मांडली. केळ्यांचे जाड काप तळून, चेपून, पुन्हा तळले, वर किसलेलं चीज. वासाने समोरच्या खिडक्यांमधली माणसंही वर आली, काल हसणारी तीच. ओतिलियाबाई पहिल्या पंगतीला. एका खोलीत बारा माणसं, शेगडी, आणि खिडकीतून येणारी ऊब. कोट निघाले, स्वेटर निघाले. इल्दा एकीकडे वाढत होती आणि एकीकडे ओतिलियाबाईंना केळं कसं चेपायचं यावरून झापत होती. नेरिओ कोपऱ्यात बसून घड्याळ बघत होता. पाऊण वाजला. एक वाजला.

फुलाफुलांच्या झग्यातल्या इल्दाने हाताच्या पाठीने कपाळाचा घाम पुसला आणि तिसऱ्या गल्लीत जाईल अशा आवाजात ओरडली, "नेरिओ! काय उकडतंय रे मेल्या! थंडीचा राजा म्हणवतोस, आणि आईच्या खोलीत एसी नाही? लाव की!"

खोली हसली. नेरिओ उठून उभा राहिला. सात वर्षं या एका वाक्याची वाट बघत होता तो.

"बटण तुझ्या उशाशी आहे, आई."

इल्दाने वाकून बटण दाबलं. कॉम्प्रेसर थांबला. ओतिलियाबाईंनी खिडकीची दुसरी काच थोडी ढकलली, आणि डोंगरावरची गार हवा आत आली. इल्दा त्या हवेपुढे तोंड धरून उभी राहिली. "हां," ती म्हणाली. "आता बरं वाटलं."

मग पायाने बॅग ढकलत म्हणाली, "आणि ही उचल इथून. सारखी पायात येते."