सह्या आधी, मजकूर नंतर

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कोल्हापुरातल्या आमच्या गटाच्या नावानं आंतरराष्ट्रीय परिषदेकडे जे निवेदन गेलं, त्यातलं तिसरं कलम मी बदललं. सह्या झाल्यावर बदललं, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांना जुनंच वाचून दाखवलं.

आमचा गट म्हणजे सात-आठ माणसं. मी कॉलेजात संगणक शिकवतो. बाकी एक निवृत्त गणिताचे सर, एक छापखानेवाले, दोन-तीन हौशी इंजिनिअर. रविवारी सकाळी राजारामपुरीत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो. ओपन सोर्स हे आमचं वेड. म्हणजे ज्याचं आतलं लिखाण कुणालाही उघडून वाचता येतं असं सॉफ्टवेअर. माहितीच्या धोरणावर परदेशात परिषद भरणार होती आणि सामाजिक संस्थांकडून सूचना मागवल्या होत्या. सर म्हणाले, "आपण का गप्प बसायचं? दिल्लीतलीच माणसं शहाणी काय?"

छापखानेवाल्यांच्या ओळखीनं कबनूरची एक बाई त्याच सुमारास आमच्याकडे आली. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. आयुष्यभर बोटांवरून सूत गेलं, बोटांच्या रेषा पुसल्या. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं, सुनेच्या अंगठ्यावर कसंबसं भागत होतं.

"दुकानदार मला लगीन हून आल्यापास्नं वळखतोय की," ती म्हणाली. "मशीन न्हाय म्हणतंय. का न्हाय म्हणतंय इचारलं तर म्हणतोय, आत काय हाय मला काय ठावं. मग कुणाला ठावं हाय, पावणं?"

सरांनी तिचं म्हणणंच तिसरं कलम केलं: ज्या सॉफ्टवेअरवर माणसाचा हक्क ठरतो ते खुलं असलंच पाहिजे, आणि ज्याला नकार मिळाला त्याला त्याचं कारण वाचायला मिळालं पाहिजे.

माणसं पुन्हा पुन्हा गोळा होत नाहीत, म्हणून सह्यांचा कागद आधी फिरवायचा आणि मजकूर मागाहून जोडायचा, अशी आमची रीत. मोर्चाच्या निवेदनालाही असंच चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तिला वाटलं. कागद उलटापालटा करून ती म्हणाली, "ह्यो तर कोरा हाय! माझं घर लिवून घेताय काय, मास्तर?"

सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं. "मी आहे की," म्हणालो. तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत.

इंग्रजी मसुदा माझ्याकडे होता. देशभरातल्या सूचना एकत्र करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज गोड. "तिसरं कलम जरा टोकाचं होतंय. 'असलंच पाहिजे'च्या जागी 'शक्य तिथे असावं' करा. कारणाबिरणाचं काढूनच टाका. बाकी उत्तम आहे. तिकडे बोलायला कुणीतरी लागेल, तुमचं नाव डोक्यात आहे."

परदेश मी पाहिला नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं. सह्यांचे कागद जोडले आणि पाठवून दिलं. रविवारी सरांनी विचारलं तेव्हा मराठी मसुदा वाचून दाखवला, तिसऱ्या कलमासकट. टाळ्या पडल्या.

मी जाऊन आलो. चार मिनिटं बोललो, काय बोललो ते आता आठवत नाही. येताना सगळ्यांना चॉकलेटं आणली. तिलाही दिलं. "कडू हाय की ओ," म्हणाली.

पुढं सगळं बुजून गेलं असं मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षी तिचं नावच रेशनच्या यादीतून गेलं. नवं सॉफ्टवेअर, नवी छाननी. दुकानदारानं हात वर केले. सरांनी कचेरीत अर्ज दिला, कारण दाखवा म्हणून. आलेलं उत्तर त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं, आतले नियम देता येत नाहीत. परिषदेकडे सामाजिक संस्थांनीही 'शक्य तिथे' एवढीच अपेक्षा नोंदवलेली आहे. सोबत निवेदनाची प्रत. खाली आमच्या सह्या. तिचीही.

"हे आपण कधी म्हटलं हो?" सरांनी विचारलं.

"वरच्यांनी फिरवलं असेल," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"मग सोडायचं नाही. अपिलात सांगतो, आमच्या सह्यांवर दुसराच मजकूर चढवलाय म्हणून."

परवा सर म्हणाले, "अहो, आपले सगळे मसुदे इंटरनेटवरच्या आपल्या साठ्यात असतील ना? तुम्हीच शिकवलंत, कुणी काय बदललं, कधी बदललं, नावानिशी राहतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी बसू. चोर सापडतोय बघा. चहा तुमच्याकडे."

ते सगळं तिथं आहे. हात सवयीचा, तो बदलही मी नोंदवूनच केला होता. कारणाच्या जागी लिहिलंय: किरकोळ भाषिक दुरुस्ती. पासवर्ड माझ्या एकट्याकडे आहे. काल दुपारी कॉलेजात तास नव्हता तेव्हा साठा उघडला. सगळा पुसून टाकायची आज्ञा टाइपही केली. एंटरवर बोट ठेवून बसलो. मग शिपाई सहीला वही घेऊन आला आणि मी पडद्यावरची खिडकी बंद केली. चांगुलपणानं नव्हे, शिपाई आला म्हणून. आज पुन्हा तसाच बसेन की काय याची भीती वाटते.

सकाळी तिचाही फोन आला होता. "सर म्हणत्यात, कागद आपल्या बाजूनं हाय. व्हय न्हवं, मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो.

सुनावणी सोमवारी आहे. मजकूर वरच्यांनी नाही, मी बदलला, एवढं त्याआधी सांगणं हे मी सरांना देणं लागतो. आणि तिसऱ्या कलमातलं तिचं म्हणणं, जसं होतं तसं, कचेरीत उभं राहून माझ्या तोंडानं सांगणं हे मी तिला देणं लागतो. दोन्हीपैकी अजून काहीही दिलेलं नाही.