चाचणीपुरता मोकळा पॅसेज

आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाला सगळं ऑफिस दुर्बीण म्हणत असे. गेल्या दहा वर्षांत त्याच्या नजरेच्या कडा हळूहळू मिटत गेल्या होत्या आणि आता नळीतून पाहावं तसं समोरचं वीतभरच दिसायचं. त्या वीतभरात मात्र नजर घारीची. पाकिटावरचं मुंगीच्या पायाएवढं अक्षर तो झटकन वाची, पण पायाशी ठेवलेली बादली त्याच्या लेखी नसायचीच. एकदा सकाळी तो मोठ्या साहेबांच्या पायावर पाय देऊन पुढे गेला आणि दुपारी त्यांच्याच परिपत्रकातली तारखेची चूक दाखवायला परत आला. त्या दिवसापासून ऑफिसचं ठाम मत झालं, की हा माणूस नाटकं करतो.

या नाटकापायी बायकोला शिवणाचा क्लास बंद करावा लागला होता. तीन वर्षं ती त्याला हाताला धरून ऑफिसात सोडत होती आणि संध्याकाळी आणायला येत होती. "लग्नात हात धरलात तो असा, की सोडायची सोयच ठेवली नाही," ती म्हणायची. हसत म्हणायची, पण ते त्याला बोचायचं.

मग दोन वर्षं प्रतीक्षायादीत काढल्यावर प्रशिक्षण केंद्रातून कुत्री आली. मातकट रंगाची, पोक्त चेहऱ्याची. पाठीवर पट्टा आणि त्याला धरायची दांडी. अडथळा आला की ती थांबायची, पायरी आली की थांबायची, आणि पुढे धोका असेल तर धन्याने कितीही सांगितलं तरी जागची हलायची नाही. बायकोने तिला आठवडाभर पारखलं आणि निकाल दिला, "आली तुमची धाकटी. आता थोरलीला रजा." पुढच्याच सोमवारी क्लासची पाटी पुन्हा दारावर लागली.

ऑफिसात दुर्बीणने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "ती कामावर असताना हाका मारू नका, खायला घालू नका."

"कामाच्या वेळेत खाणं नाही, गप्पा नाहीत?" भांडारपाल म्हणाला. "मग ती काही इथे टिकत नाही."

तसंच होणार असं दिसू लागलं. कुणीतरी निनावी अर्ज ठोकला: नियमात कुत्रा अंध कर्मचाऱ्यासाठी आहे, हा तर वर्तमानपत्र वाचतो. साहेबांनी हेडक्लार्क, भांडारपाल आणि आस्थापनेच्या बाई अशी तिघांची समिती नेमली. बुधवारी चाचणी. गेटपासून साहेबांच्या खोलीपर्यंत कुत्री काय उपयोगाची ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा.

"नाही म्हणाले तर?" बायकोने विचारलं.

"तर मी नोकरी सोडीन."

"सोडाल आणि घरात बसून माझ्या शिलाईतल्या चुका काढाल. त्यापेक्षा मी क्लास बंद करते." ती सुईत दोरा ओवत राहिली. तो बराच वेळ ओवला जाईना.

गेट ते साहेबांची खोली हा पॅसेज म्हणजे ऑफिसची अडगळ. भिंतीलगत फायलींचे गठ्ठे, तीन पायांचं बाक, दार न लागणारी दोन कपाटं आणि सात वर्षांपूर्वी बंद पडलेला पाण्याचा कूलर. कूलरचा कोपरा नेमका मांडीला लागे. बाकीचे सवयीने अंग चोरून जात. दुर्बीणच्या मांडीवर कायम काळानिळा डाग असे. कुत्री आल्यापासून तो गेला होता.

समिती याच ऑफिसातली होती, रोज याच पॅसेजमधून जाणारी. पण समिती म्हणजे तपासणी आणि तपासणी म्हणजे आवराआवर, हे तिथल्या लोकांच्या अंगात इतकं मुरलेलं, की मंगळवारी संध्याकाळी कुणी न सांगताच कूलर, बाक, कपाटं, गठ्ठे सगळं मागच्या खोलीत गेलं. फरशी पुसली. साहेबांच्या दाराशी दोन कुंड्याही आल्या.

बुधवारी दुर्बीण आणि कुत्री गेटपासून निघाले ते नाकासमोर साहेबांच्या दारात पोचले. कुत्री एकदाही थांबली नाही. तिला थांबायला काही होतंच कुठे?

"हिने काहीच केलं नाही," हेडक्लार्क म्हणाले. "आता एकट्याने चाला बघू."

तो चालला. कशालाच धडकला नाही.

"बघा!" बाई म्हणाल्या, आणि अहवालात लिहून घेतलं: कुत्रीची आवश्यकता दिसून आली नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर दुर्बीण टेबलाशी बसला होता. कानावर खरखर आली, लोखंड फरशीवर ओढल्याची. कूलर परत येत होता. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग कागद ओढून अर्ज लिहायला बसला. चारच ओळी: समितीचा अहवाल मला मान्य आहे. पॅसेज आज सकाळी होता तसाच कायम मोकळा ठेवावा. तसा लेखी आदेश मिळताच मी कुत्री आणणं बंद करीन.

साहेबांनी हेडक्लार्कना बोलावलं. "रास्त आहे. हलवा तो कूलर."

"कायमचा?" हेडक्लार्कांचा चेहरा पडला. "साहेब, काल हलवला तो तात्पुरता. कायमचा हलवायचा तर मोडीत काढावा लागेल, त्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. प्रस्ताव पाठवून पाच वर्षं झाली. त्यांनी विचारलंय, कूलर बंद का पडला."

"का पडला?"

"ते आपण त्यांना विचारलंय."

"आणि कपाटं?"

"ती आपली नाहीतच, साहेब. दुसऱ्या विभागाची. तो विभागच बंद झाला."

साहेबांनी डोळे चोळले. "आणि कुत्रीला कुणाची मंजुरी लागते?"

"तुमचीच. एक सही."

आदेश त्याच दिवशी निघाला: पॅसेजमधील कूलर मोडीत निघेपर्यंत सदर कुत्रीस प्रवेशास परवानगी देण्यात येत आहे.

घरी बायकोने आदेश दोनदा वाचला. "म्हणजे तुमच्या निवृत्तीपर्यंत घोर नाही."

"तिच्याही," दुर्बीण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्री कूलरपाशी थांबली. तिला थोपटून दुर्बीणने खिशातला रुमाल काढला आणि कूलरवरची धूळ नीट पुसली. मग जरा वाकून पाठीमागचं गंजलेलं पत्र्याचं झाकणही घट्ट दाबून बसवलं.