शिडीवाली जीप

दोन किलोमीटरवरून येणारा रणगाडा आपला की शत्रूचा, हे मी ओळखू शकतो. वरूड तालुक्यात या विद्येला फारसा वाव नाही.

ही विद्या मी अमरावतीला मिळवली. बाबांनी मला तिकडे कॉम्प्युटर शिकायला पाठवलं होतं आणि मी कॉम्प्युटरवर लढाई शिकलो! खेळात माझं काम एकच. दुर्बिणीतून बघायचं आणि शत्रूची गाडी ओळखून बाकीच्यांना ओरडून सांगायचं. तोफ पुढे की मागे, चाकं सहा की आठ, की नुसते पट्टे. चुकलात तर आपल्याच जखमींची गाडी उडते. (मी ती दोनदा उडवली होती, पण हे घरी सांगितलं नाही.) परीक्षेत नापास झालो आणि विद्येसकट गावी परतलो.

गावात तेव्हा विहिरी आटत होत्या आणि संत्र्याची झाडं उभी वाळत होती. आमची निम्मी बाग गेली होती. उरलेली निम्मी विहिरीच्या तळातल्या पाण्यावर तग धरून होती आणि ते पाणी वर यायचं आकड्यावर. म्हणजे खांबावरच्या तारेत आपली वायर अडकवायची आणि मोटर सुरू करायची. चोरीच ती! पण कनेक्शनचा अर्ज देऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि झाडाला अर्जाची पोच पाजता येत नाही.

वीजवाल्यांची जीप आली की शिवाराचा रिवाज ठरलेला. आकडा काढायचा, झोपडीला कुलूप लावायचं आणि गायब व्हायचं. माणूसच सापडला नाही तर कागदावर सही कोण करणार? फक्त जीप वेळेवर दिसायला हवी. त्यात आता वाळलेल्या झाडांचा पंचनामा करायला साहेबही येणार होते. भरपाईच्या यादीत नाव लागलं तर नवी कलमं लावता येणार होती, नाहीतर बागेचा विषय संपला.

"एका गाडीपासून पयाचं हाये, दुसरीले चाहा पाजाचा हाये," बाबा म्हणाले. "वळखाचं कसं?"

"मी वळखतो न! वीजवाल्याच्या जीपवर शिडी असते. शिडी म्हंजे दुश्मन."

"अन् शिडी नसन तं?"

"तं आपला मानूस!"

शेजारच्या बागेचे रफिकभाई मान हलवत म्हणाले, "नानाभाऊ, पोरगं शिकेल हाये. बसवा मचानावर."

बसलो. थाळी वाजवली की शत्रू आणि पांढरा दुपट्टा हलवला की पंचनामा, असं ठरलं. अकराच्या सुमाराला धूळ उठली. जीप. चार चाकं. टपावर शिडी! मी जीव तोडून थाळी बडवली. पाच मिनिटांत शिवार मोकळं झालं. गुडघे दुखणारे बाबासुद्धा नाल्यात उतरून दिसेनासे झाले.

जीप नेमकी आमच्या बागेपाशी थांबली. दोघं उतरले. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. एकानं वाळलेल्या झाडांकडे बराच वेळ पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते गेले. मी मचाणावर पालथा पडून श्वास रोखून होतो. शत्रू माघारी फिरला होता!

"क्या नजर है रे गज्या!" रफिकभाईंनी पाठ थोपटली. आकडे परत तारेवर चढले, मोटरी सुरू झाल्या.

एक वाजता पांढरी स्वच्छ गाडी आली. शिडी नाही. मी दुपट्टा असा हलवला की हात दुखला. माय चहाची किटली घेऊन धावली. बाबांनी साहेबांचा हात धरला आणि थेट विहिरीवर नेलं.

"पाहा साहेब, झाडं जगवासाठी काय काय करून राहिलो आमी!"

"मोटर चालू आहे?"

"दिवसभर! थांबूच देत नाई."

"वीज कुठून घेतली?"

"हे काय, वरतून!" बाबांनी अभिमानानं आकडा दाखवला. "मीटर नाई, काई नाई. लिवा साहेब, सगळं लिवा!"

साहेबांनी सगळं लिहिलं. बाबांनी खाली सही केली. एक पुरेल असं साहेब म्हणत असताना दोन केल्या. मग साहेबांच्या माणसानं आमची वायर गुंडाळली आणि स्टार्टर उचलून गाडीत ठेवला, तेव्हा मायनं विचारलं, "हे कायले नेऊन राहिले?"

शिडी पाहून गाव पळतं हे वीजवाल्यांना कळलं होतं. म्हणून या वेळी ते शिडी मागे ठेवून पांढऱ्या गाडीतून आले होते. पंचनामेवाल्यांची जीप बंद पडली होती, म्हणून ते मंडपवाल्याची जीप भाड्यानं घेऊन आले होते. शिडी मंडपाची होती.

बाबा वरूडला तहसील कचेरीत चार खेपा घालून आले. पंचनाम्याच्या कागदावर 'शेतकरी गैरहजर' लिहिलेलं होतं. पुढच्या फेरीत बघू, असं कचेरीतले म्हणाले. पुढची फेरी आली नाही. रफिकभाईंचंही नाव लागलं नाही. त्यांनी किंवा बाबांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. इतकी लाज मला नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

पाण्याविना उरलेली निम्मी बागही वाळली. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर ट्रक दिसला. बाबा ओट्यावर बसले होते.

"कोनाची गाडी हाये रे?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"सरपनवाल्याची. आपली झाडं न्याले आली."

"जाय मंग. रस्ता दाखव त्याले."

मी गेलो. मागे घे, डावीकडे घे, हळू हळू, असं ओरडत ट्रक बागेच्या तोंडाशी अचूक आणून उभा केला. ड्रायव्हर खूश झाला. म्हणाला, "असा हुशार मानूस गावोगावी पायजे!"