चित्रातल्या मुलीची भाकरी

रत्नम्मा रुद्रप्पा उंबरजे. जन्म मैंदर्गी, सन १८८८. मृत्यू सोलापूर, सन १९३६. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी त्यांचे घर होते. पती रुद्रप्पांचे धान्याचे दुकान होते.

त्यांची एकुलती मुलगी दानम्मा मामाकडे मैंदर्गीस गेली असता तापाने वारली. निरोप मिळताच रत्नम्मा निघाल्या. परंतु त्या पोहोचण्यापूर्वीच मुलीला समाधी दिली गेली होती. तिचे मुख त्यांना पाहता आले नाही.

पुढे १९२७ साली एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी स्वदेशी परतताना आपले सामान विकले. त्यातले एक जुने छापील चित्र मी घेऊन बैठकीत लावले. मृत मुलीला येशू हात धरून उठवीत आहे, वरून प्रकाश येत आहे आणि मागे आई विस्मयाने पाहत आहे, असा तो ख्रिस्ती धर्मग्रंथातील प्रसंग होता.

एकदा घरी आलेल्या रत्नम्मा चित्रापुढे थबकल्या. त्या लिंगायत; लिंगायतांत मृतास बसवून स्वामींच्या हातून समाधी देतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

"पोरीला बसवल्यात की," त्या म्हणाल्या. "स्वामींनी हात धरलाय. वरून उजेड आलाय, म्हंजे शिवाकडची वाट मोकळी झाली. आई बगा कशी रडायलीय."

"तुमचे स्वामी एवढी दाढी ठेवतात होय?" माझी पत्नी गोदावरी म्हणाली.

"ठेवतात की! तुमच्या मास्तरांवानी रोज गाल तासत बसत न्हाईत."

त्यानंतर दर सोमवारी त्या येऊन चित्रापुढे बसू लागल्या. तेवढा वेळ त्यांचा चेहरा निवळलेला असे. म्हणून मी अर्थ सांगितला नाही. पण एके दिवशी त्यांनीच विचारले, "मास्तर, ही आई येळेवर पोचली न्हवं?"

आता खोटे बोलणे शक्य नव्हते. "पोहोचली. पण मुलगी मेलेली राहिली नाही, रत्नम्मा. ती उठते आहे. आई रडत नाही, चकित झाली आहे."

"म्हंजे हिचं न् माझं एक न्हाई," एवढेच म्हणून त्या उठल्या. पुढचे काही सोमवार त्या आल्या नाहीत. गोदावरीने माझ्याशी अबोला धरला.

मग एका सकाळी त्या दारात आल्या. "उठल्यावर पोरीनं काय केलं?"

"तिला काही खायला द्या, असे येशूने सांगितले."

"मग दिलं का कुणी? सगळी तोंड उघडून हुबी हायती नुसती! लई दिवसांची उपाशी असंल की." पदराखालून त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी काढून चित्रापुढे ठेवली. "असू दे. कुनाचं तरी उठलं."

दर सोमवारी भाकरी ठेवण्याचा हा त्यांचा नेम अखेरपर्यंत चालला. चित्रापुढची भाकरी गोदावरी शाळेला निघालेल्या एखाद्या मुलीच्या हाती देई.

रत्नम्मा गेल्यानंतर मी ते चित्र रुद्रप्पांना देऊ केले. ते म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या, मास्तर. माझ्या घरात आता भाकरी कोन थापनार?"

चित्र आमच्याकडेच राहिले. सोमवारची भाकरी आता गोदावरी थापते. ज्वारी रुद्रप्पा पाठवतात.